पत्र लिहितेय, कारण फोनवर तू बोलशील

चैत्र वद्य चतुर्थी, पहाटेचे साडेतीन
मुक्काम पारनेरच्या अलीकडे, शाळेचं पटांगण

चि. दीपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, मामाची शुगर सोडून. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलंय, तरी फोन केला की तू बोलतेस, म्हणून लिहितेय. नुसतं 'हं' म्हण म्हटलं तरी तुझं 'हं' अर्ध्या तासाचं होतं. व्हॉट्सॲपवर मी आवाज पाठवला तर तूही उलट आवाज पाठवतेस, आणि बोटाने लिहायचं तर 'जेवलीस का' एवढ्याला मला पाच मिनिटं लागतात. ही मामाच्या हिशेबाच्या वहीतली पानं आहेत. पाठीमागे आकडे दिसतील, ते वाचू नकोस. सागर उद्या जनरेटरचा पार्ट आणायला पुण्याला येतोय, त्याच्या हाती देते.

घशाचं काही विचारायचं नाही असं ठरवून बसलेय.

कालचा गाव तमाशाला बरा होता. कमिटीने नारळ, टॉवेल, टोपी सगळं दिलं, सुपारीतले राहिलेले पैसे मात्र "उद्या फोनवर टाकतो" म्हणाले. मामा म्हणाला, देवाच्या जत्रेतसुद्धा उधारी. सुरुवातीच्या गणाला पोपटदादाने हलगी अशी कडाडवली की पुढच्या रांगेतलं एक पोर दचकून रडायला लागलं. आणि गौळणीला मी उभी राहिले. हसू नकोस. पंचेचाळीस वर्षांची गवळण, डोक्यावर माठ, गुडघ्याला आतून पट्टा. नानाकाका गौळणीतल्या मावशीच्या सोंगात, लुगड्यात होते, मला बघून मुद्दाम म्हणाले, "काय गं, लेकीला घरी बसवून तूच निघालीस होय मथुरेच्या बाजाराला?" लोक हसले. मीही हसले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "दीपाली कुठंय?" पुन्हा ओरडलं. नानाकाकांनी वेळ मारून नेली. म्हणाले, "तिच्या गळ्याला दृष्ट लागलीय, मीठ-मिरच्या आणायला गेलीय." टाळ्या पडल्या.

मला बरं वाटलं आणि लगेच कसंतरीही झालं. बाविसाव्या वर्षी गावोगावची माणसं तुला नावाने विचारतात. मला असं कोणी विचारलं नव्हतं. पण 'कुठंय' असं विचारतात ते तू बरी आहेस का म्हणून नाही गं.

प्राजूला उभी केलेली नाही, ते आधीच सांगून टाकते. दहावीचा निकाल लागायचाय तिचा. मामा म्हणत होता, नुसती कोरसात, मागच्या रांगेत. मी म्हटलं, मागच्या रांगेतली पोर पुढच्या चैत्रात पुढे येते, कशी येते ते मला ठाऊक आहे. दोन दिवस मामा माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही तर नाही, घशाला तरी आराम मिळाला असेल त्याच्या.

बघ, आलंच तोंडात.

तर मग विचारूनच टाकते. मावशीचा फोन आला होता. म्हणाली, दीपाली न्हाणीघरात गुणगुणते, बादलीच्या आवाजात लपवते. खरं का? आणि कुजबुजतेस असंही म्हणाली. कुजबुजलं म्हणजे गळ्याला आराम असं मीही समजत होते, पण डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं की कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. तू मान डोलावलीस. तुझं मान डोलावणं मला माहीत आहे. लहानपणी पुस्तक पुढ्यात घेऊन अशीच डोलावायचीस आणि नजर ढोलकीकडे.

हे पत्र लिहायला बसले त्याचं कारण मात्र तुझा तो मेसेज. "अक्षय तृतीयेच्या तीन सुपाऱ्यांना मी येते, दोनच गाणी म्हणेन, तोपर्यंत तीन आठवडे होऊन जातात." मामाने तो गाडीत सगळ्यांना वाचून दाखवला. "पोरगी फडाची आहे," म्हणाला. पोपटदादाने डोळे पुसले. मी पाणी आणायचं निमित्त करून खाली उतरले आणि टँकरपाशी नुसतीच उभी राहिले. त्या दिवशी तुझा अभिमान वाटला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण नको येऊस. तीन आठवडे हे न बोलण्याचे आहेत. गाण्याचं तीन महिन्यांनी बघू असं डॉक्टर म्हणाले होते. तू तीन तेवढे लक्षात ठेवलेस, आठवडे का महिने ते विसरलीस.

आणि दोन गाणी असं काही नसतं. रात्री दोन म्हणशील, वन्समोअर आला की चार होतील. मग सकाळी हजेरी, म्हणजे दिवसाउजेडी पुन्हा गाणी. रात्रभर जागलेले, अर्धवट प्यालेले, दुपारच्या कुस्त्यांना थांबलेले लोक समोर, डोक्यावर ऊन, आणि माणूस नोट नाचवत म्हणतो, आमच्या पाहुण्यासाठी अमुक एक म्हणा. हजेरीनेच तुझा गळा गेला, रात्रीच्या कार्यक्रमाने नाही. माघापासून तू घोगरी होत होतीस. मी बघत होते. सकाळी आवाज खर्जात, मग कंकोळ चघळ, ज्येष्ठमध चघळ, गरम पाणी पी, आणि अकरा वाजता पुन्हा काळी पाचची वरची पट्टी. मी तुझ्या हातावर खडीसाखर ठेवत होते आणि वर पाठवत होते. खडीसाखर ठेवली म्हणजे आईचं काम झालं असं मला वाटत होतं.

त्या दवाखान्यातलं मला रोज आठवतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंट काय करते? मी पटकन म्हटलं, "घरीच असते." आणि तू, जिला बोलायला बंदी, माझ्या दंडाला धरून मागे ओढलंस आणि त्या फाटक्या आवाजात म्हणालीस, "तमाशात गाते." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुझ्या शाळेच्या फॉर्मवर मी 'शेतमजुरी' लिहिलं होतं, पुण्यात खोली बघताना 'भजनी मंडळ आहे आमचं' म्हटलं होतं. तुझी आजी, बयसुद्धा शेवटी शेवटी पाहुण्यांत 'आमची पार्टी आहे' एवढंच म्हणायची. आणि तू चार शब्द उसने असताना त्यातले दोन त्यावर खर्च केलेस. घरी येताना रिक्षात मी रागावले, म्हटलं कशाला बोललीस. राग बोलल्याचा होता असं तुला वाटलं असेल. तसंच वाटू दिलं मी.

डॉक्टर भला माणूस. त्याने टीव्हीवर तुझा गळा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडझाप करणाऱ्या, आणि दोन्हीच्या काठावर समोरासमोर एकेक दाणा. 'गाठ' म्हटल्यावर मला थोरल्या काकूंची गाठ आठवली आणि मी खुर्चीचा हात धरला. तो म्हणाला, तसली नाही. या पट्ट्या बाईमाणूस साधं बोललं तरी सेकंदाला 200 वेळा एकमेकींवर आपटतात, वरच्या पट्टीत गायलं की त्याच्याही कितीतरी पट. सतत आपटून कातडी जाड होते, घट्टा पडतो. शाळेच्या बाया येतात, भाजी विकणारे येतात, कीर्तनकार येतात. बहुतेकांचं कापायची वेळ येत नाही, गळा गप्प ठेवला आणि आवाज लावायची सवय बदलली की उतरतं. मला एकदम पोपटदादाची बोटं आठवली. हलगीचे घट्टे तो पाहुण्यांना दाखवत फिरतो, मेडल असल्यासारखे. तुझे घट्टे आतमध्ये, कोणाला दाखवायची सोय नाही.

आणि तो असंही म्हणाला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो. ते माझ्या डोक्यात बसलंय. बय सांगायची, तिच्या उमेदीत माईक नव्हता, गॅसबत्तीच्या उजेडात उभं राहून शेवटच्या बैलगाडीपर्यंत आवाज टाकायचा. पण मागे काय होतं? ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, आणि 'जी जी' ओढणारे चार झीलकरी. बाईचा आवाज झाकेल असं काही नव्हतं. आता तुझ्या मागे ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि छातीत धडधडणारा तो बेस. पूर्वी पहाटेपर्यंत वग चालायचा, माणूस दमाने गायचा. आता दहाला, फार तर बाराला भोंगा बंद, म्हणून सगळं घाईत, सगळं वरच्या पट्टीत. गणही उरका, गौळणही उरका, गाणी लावा. मी मामाला म्हटलं, गाणाऱ्यासमोर एक छोटा स्पीकर असतो स्वतःचं ऐकू येण्यासाठी, तो घे. म्हणाला, पुढच्या वर्षी. मी साउंडवाल्या अन्वरकडून जुना उधारीवर घेतला. काल पहिल्यांदा लावला. दीपाली, सत्तावीस वर्षं गाते मी, काल पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. काही खास नाही गं. पण ओरडावं लागलं नाही.

तो स्पीकर तुझ्यासाठी घेतलाय. म्हणजे नको येऊस असं वर लिहिलंय आणि इथे हे. खोडत नाही, राहू दे.

आता एक गोष्ट. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची. तुला ती पाठ आहे, मीच पाठ करून घेतली. नऊ महिने भरलेले, फड उभा, वेणा सुरू झाल्या तशी बाई पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभी राहिली असं सांगतात. तू ताप आलाय म्हणालीस की मी ही सांगायचे, पाय मुरगळला की सांगायचे, पाळीत पोट दुखतंय म्हणालीस तेव्हाही. त्या माउलीला राष्ट्रपतींचं पदक मिळालं, 1957 ला आणि पुन्हा 1990 ला. आणि शेवटचे दिवस पैशाच्या ओढगस्तीत गेले. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा बयने दोन दिवस पेटीला हात लावला नाही. पदकाचं मी तुला सांगत आले, शेवटच्या दिवसांचं सांगितलं नाही. आता रात्री गाडीत पडल्या पडल्या मला वेगळेच प्रश्न पडतात. त्या वेळी पाणी कोणी तापवलं असेल? बाळाला कोणी धरलं? 'बाई, आज बस' असं म्हणणारं कोणीच कसं नव्हतं? लोक ती गोष्ट टाळ्या वाजवत सांगतात. मीही तशीच सांगितली. यापुढे सांगणार नाही, निदान प्राजूला तरी.

आता जे लिहायचंय ते लिहिते, नाहीतर उजाडेल. नानाकाका उठलेत, बाहेर चूळ भरतायत.

तुला मी आजवर सांगितलं की तू झालीस म्हणून मी वरचं गाणं सोडलं. पोराकडे बघायचं होतं म्हणून गौळण आणि लावणी शांतीला दिली आणि वगात राणीचं, आईचं काम धरलं. सगळ्या फडाला हेच माहीत आहे. तू आठवीत असताना भांडणात म्हणाली होतीस, "मग मला कशाला जन्म दिलास, गात बसायचं होतंस." आणि त्यानंतर तू जी गायला लागलीस ती थांबलीच नाहीस, जसं काही माझं देणं फेडतेस.

ते खरं नाही, दीपाली. तू आठ महिन्यांची होतीस, 2004 चा चैत्र. दोन ट्रकच्या मध्ये साडीचा झोका बांधला होता आणि त्यात तू. मला ताप. रात्री गायले, सकाळी हजेरीला उभी राहिले. तिसऱ्या गाण्यात वरच्या सा-ला गेले आणि तिथे काहीच नव्हतं. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा तसं झालं. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. तुझ्या अण्णांनी ढोलकीचा तोडा लांबवला, लोकांना कळलं नाही. खाली आल्यावर बयने हळद-दूध दिलं. म्हणाली, घसा बसलाय, बसलेला उठतो. तिचं चुकलं असं नाही, तिला तेवढंच माहीत होतं. अकरा दिवसांनी मी पुन्हा उभी राहिले, कारण आगाऊ पैशांची उचल घेतलेली होती आणि उचल घेतलेल्या बाईला घसा नसतो. माझा पूर्ण उठलाच नाही. खालचा आला, वरचा राहिला. कोणत्या डॉक्टरने बघितला नाही, कोणी टीव्हीवर दाखवला नाही. आत काय होतं, दाणा होता का फाटलं होतं, मला अजून माहीत नाही.

गळा गेला म्हणायची लाज वाटायची. फडात गळा गेलेल्या बाईला काय किंमत असते ते शेवंतामावशीचं तू बघितलंस ना, भटारखान्यात भाकऱ्या थापते. त्यापेक्षा 'पोरीसाठी सोडलं' हे बोलायला बरं होतं. ऐकणारा मान डोलवायचा. तुझ्या अंगावर मी ते कपड्यासारखं चढवलं आणि ते तू एवढी वर्षं घातलंस. माझं काही देणं नाही तुझ्याकडे. असलंच तर उलट आहे.

हे समोर बसून सांगायला हवं होतं. पण समोर असतीस तर तू काहीतरी बोलली असतीस.

आता तुझं मन कुठे पळेल ते मला कळतंय. आईचा गेला, आता माझाही जाणार. तसं नाही. मुळीच तसं नाही. माझ्या वेळेला अकरा दिवस मिळाले आणि हळद मिळाली. तुला डॉक्टर मिळाला, मावशीची खोली मिळाली, बोलायला शिकवणारी ती मॅडम मिळणार आहे. तिच्याकडे जायला कंटाळू नकोस. ती श्वासाचं शिकवेल, तुला वाटेल मला हे येतं. येत असेल, तरी शीक. पाणी पी. रात्री जेवून लगेच आडवी होऊ नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय की पोटातलं आंबट वर येऊन त्या पट्ट्यांना लागतं. आपलं सगळं आयुष्य रात्री उशिरा तिखट आमटी ओरपून लगेच ट्रकमध्ये आडवं व्हायचं, कसले गळे राहणार! खाकरू नकोस. खाकरण्याने त्या पट्ट्या आणखी आपटतात. आणि मुक्त विद्यापीठाचा तिसऱ्या वर्षाचा फॉर्म निघाला की भर. दोन वर्षं झालीत, एकासाठी सोडू नकोस. बी.ए. हातात असलं म्हणजे माणूस उद्या कुठेही, म्हणजे गाणं असलं-नसलं तरी... मोबाइल कमी बघ. कोण काय रील टाकतंय आणि कोणाला किती लाइक, त्याने घसा बरा होत नाही. त्या मुलाशी मेसेजवर बोलतेस ते मला माहीत आहे, मावशीने नाही सांगितलं, मला दिसतं. मेसेजवर बोल, हरकत नाही. फोनवर नको. त्यालाही सांग म्हणावं, तुझी आई...

जाऊ दे. कीर्तन लागलं माझं. माफ कर. मुलगी आजारी पडली की आईला वाटतं आता हिला हलता येत नाही, सगळं ऐकवून घ्यावं.

पैशाची काळजी तू करतेस हेही मला माहीत आहे. मेसेज त्यासाठीच केलास. मामाने तीन सुपाऱ्या तुझ्या नावावर घेतल्यात आणि पोस्टरवर तुझा फोटो मोठा आहे, हे खरं. दोन गावांनी दीपाली नसेल तर वीस हजार कमी म्हणून सांगितलंय, हेही खरं. मी लपवणार नाही, आज लपवायचा कंटाळा आलाय. पण आठव, 2020 चा पाडवा. 25 मार्च. आदल्या रात्री देश बंद झाला आणि आपण नारायणगावात, सुपाऱ्या घ्यायला राहुटी उभारलेली, बाहेर बोर्ड लावलेला, खुर्च्या पुसून ठेवलेल्या, आणि सुपारी द्यायला एक माणूस आला नाही. गुढी उभारू का नको म्हणून बय विचारत बसली. दोन चैत्र गेले. लहान ट्रक विकला. पोपटदादा कांद्याच्या खळ्यावर गेला, मी द्राक्षाच्या बागेत, तू सतरा वर्षांची, मेडिकलच्या दुकानात डबे लावायला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तमाशातल्या कांताबाई सातारकर करोनाने गेल्या, तेव्हा बय म्हणाली, आता माझ्या वयाचं कोण राहिलं. त्या दोन वर्षांतून आपण निघालो. त्यात तुझं एकही गाणं नव्हतं, तरी निघालो. वीस हजारांत नाही बुडत फड. आणि बुडायचाच असेल तर तुझ्या गळ्याला बांधून नको बुडायला.

मामाला मी अजून स्पष्ट 'नाही' म्हटलेलं नाही. आज रात्रीचा तमाशा होऊ दे, उद्याची हजेरी होऊ दे, मग म्हणते. हे वाचशील तेव्हा म्हणून झालेलं असेल. नसेल झालं तर सागरला विचार, तो तोंड बघून सांगेल.

काल तुझी कपड्यांची पेटी उघडली. वाळवी नको म्हणून सगळं उन्हात घातलं होतं. हिरवी नऊवारी, तो मोरपंखी ब्लाउज, घुंगरांच्या दोन्ही माळा. प्राजू घुंगरू पायाला बांधून बघत होती, मला बघितल्यावर सोडले. काही बोलले नाही मी तिला. लहानपणी तूही अशीच बयच्या घुंगरांत पाय घालून ट्रकच्या फाळक्यावर उभी राहायचीस आणि ते जड होऊन खाली बसायचीस. पाचवीला तुला आजोळी ठेवून आम्ही निघालो तेव्हा तू रडली नव्हतीस. फाटकाच्या आत उभी राहून, ट्रक दिसेनासा होईपर्यंत गौळण म्हणत राहिलीस. मला ऐकू येत होतं. ड्रायव्हरने विचारलं, थांबू का? मी म्हटलं, चल. आणि आता तुला घरी बसवलंय म्हणून तू रडतेस असं मावशी सांगते. रड, पण आवाज न करता.

आमचं आजचं: सकाळी प्राजू, शांती आणि मी अंधारातच विहिरीकडे जाऊन येणार, इथे शाळेच्या संडासाला कुलूप आहे आणि किल्ली ज्याच्याकडे तो जत्रेत. मग झोप. चारला मेकअप. यंदा उन्हाने पावडर टिकत नाही, घामाबरोबर उतरते, राणी दुसऱ्या प्रवेशात मोलकरीण दिसते. रात्री गौळण पुन्हा मीच. खालच्या पट्टीत घेतेय, पेटीवाल्याला सांगितलंय. तो कुरकुरतो.

सागरबरोबर पिशवी दिलीय. त्यात तुझी वही, खारे शेंगदाणे, ज्येष्ठमधाच्या काड्या आणि जवसाची चटणी. चटणी मावशीची आहे, तुला हात लावायचा नाही. कंकोळ दिलेलं नाही, आधी डॉक्टरांना विचार. म्हणजे लिहून विचार.

पत्राचं उत्तर लिही. मोठं लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. रोज रात्री आम्ही गाडीत बसलो की एक मिस कॉल देत जा. एकदा वाजवून ठेवून द्यायचा. मी उचलणार नाही.

तुझी,
आई

ता.क. न्हाणीघरातलं खरं असेल तर कोणती चाल होती तेवढं मात्र लिहून कळव.